पूर्वप्राथमिकचा कायदा नोंदणीपुरता नको

संपादक महोदय,

खाजगी नर्सरी आणि केजीचे वर्ग कायद्याच्या चौकटीत आणण्याचा विषय महाराष्ट्रात पुन्हा ऐरणीवर आला आहे. २०२५मध्ये शालेय शिक्षण विभागाने अशा वर्गांना संकेतस्थळावर नोंदणी करायला सांगितले आणि त्याबरोबर स्वतंत्र कायद्याचीही चर्चा सुरू झाली. कायदा हवाच आहे. एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर भिंती रंगवायच्या, घसरगुंडी मांडायची आणि वर्ग सुरू करायचा, ही स्थिती फार दिवस चालू राहिली. तरीही आतापर्यंतची सगळी चर्चा नोंदणी, फी, सीसीटीव्ही आणि गाड्यांच्या परवान्याभोवती फिरते आहे, याची आम्हाला काळजी वाटते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज काय मिळाले पाहिजे, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. खेड्यापाड्यांतली आणि शहरी वस्त्यांमधली मुले जिथे जातात ती अंगणवाडी तर या कायद्याबाहेरच राहण्याची भीती आहे.

खरी अडचण एका क्रियापदात आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. सहा वर्षांखालची मुले मात्र कलम ४५मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. त्यांच्यासाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’, एवढेच तिथे म्हटले आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ याच मुलांबद्दल आहे. तीन वर्षांवरील मुलांना मोफत पूर्वशालेय शिक्षण मिळावे यासाठी सरकार आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’, असे ते सांगते. ‘करील’ असे म्हणत नाही. म्हणून एखाद्या पाड्यावर चार वर्षांच्या मुलासाठी काहीच सोय नसली, तर त्याचे आईबाप कोणत्याही कार्यालयात जाऊन ‘हे कायद्याने आमचे आहे’ असे म्हणू शकत नाहीत. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५मधल्या २५९व्या अहवालात हे कलम बंधनकारक करावे अशी शिफारस केली होती. ती अजून कागदावरच आहे.

शेजारी ठेवून पाहावा असा एक कायदा याच मुलांसाठी आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५नुसार ३ ते ६ वयाच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार, कायद्याच्या अनुसूचीत ठरवून दिलेल्या उष्मांक आणि प्रथिनांच्या प्रमाणात, मोफत मिळायला हवा. आहार दिला नाही तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा, हेही कलम ८मध्ये लिहिले आहे. खिचडी किती, कोणाला, कुठे आणि न दिल्यास काय, हे सगळे ठरलेले आहे. त्याच मुलाला, त्याच खोलीत, त्याच सकाळी किती वेळ शिकण्याचे खेळ मिळतील याची एकही ओळ कायद्यात नाही. राज्याच्या कायद्यात पहिल्यांदा ही ओळ यायला हवी. शिक्षण हा विषय १९७६पासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११नेही ही व्यवस्था ‘समुचित शासना’वर सोपवली आहे. त्यामुळे दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पंजाबने १४ नोव्हेंबर २०१७ पासून सरकारी प्राथमिक शाळांत पूर्वप्राथमिकचे वर्ग सुरू केले, तेव्हा त्यांनीही केंद्राच्या कायद्यासाठी थांबायचे ठरवले नव्हते.

आता अंगणवाडीतली सकाळ जवळून पाहू, म्हणजे कायद्यात नेमके काय लिहायचे ते कळेल. सेविका येते, मदतनीस वस्तीत फिरून मुलांना घेऊन येते. प्रार्थना होते, हजेरी होते. हजेरी मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरायची असते. हे ॲप १ मार्च २०२१ला आले. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणीही सक्तीची झाली. रेंज नसेल तर सेविका फोन घेऊन बाहेर ओट्यावर उभी राहते. कोणाची केवायसी अडकलेली असते, कोणाच्या आधारवरचा मोबाइल नंबर बदललेला असतो. एवढ्यात लसीकरणासाठी आरोग्यसेविका येते, गरोदर बाई वजन करायला येते, महिनाअखेर असेल तर सगळ्या मुलांचे वजन-उंची घ्यायचे असते. काही जणींच्या गळ्यात मतदार यादीचे कामही पडलेले असते. खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकत्र बसलेली असतात आणि त्यांना बडबडगीत म्हणायला सांगून मोठ्या माणसाचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते. यात सेविकेचा दोष काढणे अन्यायाचे आहे. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून तिच्याकडे सहा सेवा आहेत. त्यातल्या पाचांचा हिशेब आकड्यांत मागितला जातो. सहावी सेवा म्हणजे पूर्वशालेय शिक्षण, आणि ते झाले नाही तरी कोणताही तक्ता लाल होत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी वेळेची आहे. केंद्राच्या ‘पोषण भी पढाई भी’ या मे २०२३मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात रोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वशालेय शिक्षणाची अपेक्षा आहे. अपेक्षा परिपत्रकात राहते, म्हणून ती कलमात आणावी. केंद्र उघडल्यानंतरचे सलग दोन तास संरक्षित असतील. त्या वेळेत सेविकेला ॲप भरायला, बैठकीला, सर्वेक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला बोलावता येणार नाही. बोलावलेच तर ज्या अधिकाऱ्याने बोलावले त्याने त्या दिवशी पर्यायी व्यक्ती द्यायची. अशी तरतूद नसेल तर दोन तासांचे रूपांतर वीस मिनिटांत होते, हे पर्यवेक्षिकांना विचारले तर त्याही सांगतील.

दुसरी मागणी माणसांची. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खाजगी प्ले स्कूलसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी व्यक्ती असावी असे म्हटले आहे. हेच प्रमाण सरकारी केंद्रालाही लागू करा. ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी हा निकष आहे, आणि मोठ्या वस्तीत पटावर २० पेक्षा बरीच अधिक मुले असतात. तिथे आहार, आरोग्य आणि गृहभेटींसाठी एक सेविका आणि फक्त शिकवण्यासाठी दुसरी बालशिक्षिका असे दोन स्वतंत्र पदांचे कलम हवे. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२च्या निकालात सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असे सांगितले, तेव्हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११चा आधार घेऊन त्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचेही काम करतात हे मान्य केले. न्यायालयाने जे काम म्हणून ओळखले त्याला ‘मानधन’ म्हणत राहणे आता शोभत नाही. केंद्राच्या हिश्श्याची मोजणी २०१८पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये महिना या दराने होते. राज्य त्यात आपली भर घालते. पण हा आकडा दर वेळी संपाच्या वाटाघाटीतून हलतो. कायद्यात वेतनश्रेणी आली तर तो महागाईबरोबर हलेल.

प्रशिक्षणाचेही तसेच. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०ने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. ‘पोषण भी पढाई भी’मध्ये प्रत्यक्षात पहिल्या फेरीला मिळाले ते तीन दिवस. तीन दिवसांत खेळणी कशी वापरायची ते दाखवता येते. एक मूल गप्प का बसते, दुसरे चावते का, तिसऱ्याला ऐकू कमी येते हे कसे ओळखायचे, हे समजायला वर्ष लागते. कायद्यात पदविका, तिचा खर्च आणि त्या काळातली बदली व्यक्ती या तिन्ही गोष्टी एकत्र लिहाव्यात. नाहीतर सेविका प्रशिक्षणाला गेली की केंद्राला कुलूप लागते.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत जवळची आहे, आणि इथे सरकारी-खाजगी असा फरक उरत नाही. या वयात काय शिकवायचे नाही, हे कायद्याने सांगितले पाहिजे. तीन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते, कारण त्याचा हात तेवढाच तयार झालेला असतो. मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी बरीचशी तेव्हा अजून कूर्चेच्याच रूपात असतात. अंगठा आणि दोन बोटांत पेन्सिल सहज धरता येते ती साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी. त्याआधी चार रेघांच्या वहीत पानभर ‘अ’ गिरवायला लावला की मूल पेन्सिल इतकी घट्ट दाबते की कागद फाटतो, खांदा वर चढतो, आणि चुकीची पकड पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. त्यात ‘अ’ हे देवनागरीतले वळणाच्या दृष्टीने अवघड अक्षर. आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांनी ‘ग म भ न’ हा क्रम उगीच लावला नव्हता. वळण सोपे, आणि त्या चार अक्षरांत ‘मन’, ‘नग’, ‘नभ’ असे शब्दही होतात. हेही सहाव्या वर्षाचे काम. त्याआधी हाताला माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, भेंडीचे आणि पानांचे ठसे, कपड्यांचे चिमटे दाबणे ही कामे द्यायची. कानाला गाणी, यमके आणि ‘का-व-ळा’ म्हणत तीन टाळ्या वाजवण्याचे खेळ द्यायचे. अक्षर वाचण्याआधी शब्दातले आवाज सुटे ऐकू आले पाहिजेत. ते ज्याला येतात त्याला पहिलीत अक्षर चटकन भेटते.

अंकांचेही असेच आहे. मूल शंभरपर्यंत घडाघडा म्हणते आणि आईबाप खूश होतात. समोर चिंचोक्यांची वाटी ठेवून ‘सात दे’ म्हटले की तेच मूल मूठभर उचलून देते. म्हणणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात मराठीत ‘एकोणतीस’ म्हणजे तिसातून एक कमी, ‘पंचवीस’मध्ये पाच आधी आणि वीस नंतर, म्हणून पाठांतराने संख्येचा अर्थ लागत नाही. चार वर्षांच्या मुलाला दहापर्यंतच्या वस्तू एकास एक लावता येणे, कमी-जास्त ओळखणे आणि पाच बिया दोन वाट्यांत निरनिराळ्या प्रकारे वाटता येणे एवढे पुष्कळ आहे.

म्हणून कायद्यात स्पष्ट मनाई हवी. सहा वर्षे पूर्ण होण्याआधी लेखी परीक्षा नाही, गृहपाठ नाही, गुणपत्रिका नाही. प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी-मुलाखत घेण्याला आळा घालणारा राज्याचा कायदा १९९६पासून आहे. तरी ‘बालकाशी संवाद’ अशा नावाखाली ती कुठे कुठे चालतेच, कारण तपासायला कोणी जात नाही आणि पालक तक्रार करायला धजावत नाही. प्रवेश द्यायचा की नाही हे समोरच्याच्याच हातात असते. नव्या कायद्यात नाव काहीही दिले तरी मुलाला प्रश्न विचारून प्रवेश ठरवणे हा गुन्हा, आणि तक्रार निनावी असली तरी चौकशी, असे लिहावे.

खाजगी वर्गांच्या नोंदणीबद्दल एक सावधगिरी. सुरक्षेचे नियम कडक असावेत आणि त्यात सवलत नको. प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी. मूल न्यायला येणाऱ्या माणसाचे छायाचित्र असलेले कार्ड. स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. पाण्याच्या टाकीला कुलूप, विजेचे प्लग मुलांच्या हाताबाहेर, आणि बाहेर पडायला दुसरी वाट. जागेच्या बाबतीत मात्र विचार करावा. मोठे मैदान, एवढे चौरस फूट, एवढी अनामत रक्कम असे निकष लावले तर महागडी साखळी केंद्रे ते सहज पुरे करतील. वाड्यातल्या दोन खोल्यांत वीस मुलांना जीव लावून शिकवणारी बाई मात्र बंद पडेल आणि तिथली मुले कुठेच जाणार नाहीत. वर्गाच्या मैदानाऐवजी चालत जाण्याच्या अंतरावरची बाग किंवा शाळेचे पटांगण चालेल अशी सोय ठेवावी. पटानुसार नोंदणी शुल्काचे टप्पे करावेत आणि ४० मुलांपर्यंत ते नाममात्र असावे.

खेळण्यांच्या संचाबद्दलही सांगायला हवे. संच आला की अनेक ठिकाणी तो कपाटात जातो, कारण मोडला तर भरपाई कोणी करायची हे कोणी सांगितलेले नसते. नियमांत दरवर्षी ठरावीक भाग तुटणार हे गृहीत धरून बदली साहित्याची तरतूद लिहावी. २० मुलांना किमान शंभरेक लाकडी ठोकळे लागतात. दहा-बारा ठोकळ्यांचा डबा आला तर दोन मुले खेळतात आणि बाकीची भांडतात. उरलेले साहित्य गावातच मिळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, पाने, काड्या वापरूनच काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथलाच. महाराष्ट्राकडे बालशिक्षणाचा एवढा स्वतःचा अनुभव असताना कायद्याचा मसुदा बाहेरच्या सल्लागार कंपनीकडून लिहून घेऊ नये.

भाषेचे कलमही त्याच अनुभवातून यावे. कोरकू, गोंडी, भिली, वारली बोलणाऱ्या घरातले तीन वर्षांचे मूल पहिल्या दिवशी मराठीत सूचना ऐकते आणि गप्प होते. त्याला ‘मंद’ समजले जाते. ज्या केंद्रात निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा मराठी नाही तिथे ती भाषा बोलणारी किमान एक व्यक्ती नेमणे बंधनकारक करावे. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या केजीत मराठी घरातले मूल असेच गप्प होते. फरक एवढाच की तिथे आईबाप फी भरून हे करतात. पहिली दोन वर्षे शिक्षिकेने मुलाच्या भाषेत बोलले पाहिजे, माध्यम कोणतेही असो.

ऊसतोडीचा प्रश्न वेगळा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे कारखान्यांच्या फडावर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत, मूल फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. कायद्यात मुलाचा हक्क पत्त्याला न बांधता मुलाला बांधावा. मूल जिथे असेल तिथल्या केंद्राने त्याला कागदपत्रांशिवाय घ्यायचे आणि गाळप हंगामात कारखान्याने तळावर जागा, पाणी आणि सावली द्यायची. आहार व शिक्षिका सरकारची. गाळप परवान्याच्या अटींत हे घालता येईल.

अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि पहिली शालेय शिक्षण विभागाकडे, या फटीत मुलाची माहिती हरवते. पहिलीच्या शिक्षकाला मूल कोण, काय येते, कशाला घाबरते, काहीच माहीत नसते. २०२२पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. सात टेबले मांडून मूल उड्या मारते, रंग ओळखते, वस्तू मोजते, गोष्ट सांगते, आणि आईला घरी काय करायचे ते सांगितले जाते. एप्रिल आणि जून अशा दोन मेळाव्यांमुळे मधल्या काळात किती फरक पडला हेही दिसते. आम्हाला हा उपक्रम मनापासून आवडतो. पण तो परिपत्रकावर चालतो. त्या मेळाव्याचे कार्ड आणि सेविकेने लिहिलेली एक पानाची नोंद मुलाबरोबर शाळेत गेलीच पाहिजे, आणि जूनमध्ये शिक्षक-सेविका भेट झालीच पाहिजे, हे नियमांत यावे.

पैशाची तरतूद कलमात नसेल तर वरचे सगळे वाया जाईल. आणि अंमलबजावणीची तारीखही हवी. राज्याचा शुल्क विनियमनाचा कायदा २०११चा, पण तो लागू व्हायला २०१४ उजाडले. आज तीन वर्षांची असलेली मुले तेवढ्या काळात पहिलीत पोचतात. नियम सहा महिन्यांत, आणि प्रत्येक केंद्राच्या दारावर मराठीत फलक: रोजची वेळ, पट, शिक्षिकांची नावे, तक्रार कोणाकडे आणि किती दिवसांत उत्तर. दरवर्षी ग्रामसभेत आणि प्रभाग समितीत या फलकावरच्या माहितीचे वाचन.

विधेयक सभागृहात मांडण्याआधी त्याचा मराठी मसुदा जाहीर करून किमान ६० दिवस हरकती आणि सूचना घ्याव्यात. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्या मुदतीत प्रत्येक बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, मासिक बैठकीत मसुदा वाचून दाखवला आणि सेविकांचे म्हणणे लिहून घेतले, तर कोणते कलम चालेल आणि कोणते पहिल्याच आठवड्यात मोडेल ते सरकारला आधीच कळेल.

आपले,
बालशिक्षण आणि सेविका-प्रशिक्षणात काम करणारे काही शिक्षक, नाशिक